कार्ल मूट आणि त्यांचे 'होखलांट'

१९०३ हे साल मराठी कॅथलिक वाचकांच्या परिचयाचे आहे. त्या वर्षी फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यात 'निरोप्या' मासिक सुरू केले. पुढे ते पुण्याचे महागुरू झाले, आणि त्यांनी लावलेले ते रोपटे शतक ओलांडून गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात डोरिंग यांच्या मायभूमीतही एका कॅथलिक मासिकाचा पहिला अंक निघाला. त्याचे नाव 'होखलांट', म्हणजे उच्चभूमी; आणि संपादक होते कार्ल मूट. इकडचे मासिक खेड्यापाड्यांतील नव्या ख्रिस्ती कुटुंबांना भक्तीची शिदोरी पुरवण्यासाठी होते. तिकडचे मासिक सुशिक्षित कॅथलिकांना साहित्य, कला आणि विचार यांच्या मोकळ्या हवेत आणण्यासाठी होते.

मूट हे धर्मगुरू नव्हते, विद्यापीठातील अध्यापक नव्हते. कवी वा कादंबरीकार म्हणूनही त्यांनी नाव मिळवले नाही. संस्कृतीचा अभ्यास आणि मासिकाचे संपादन, एवढेच त्यांचे जीवितकार्य. त्यासाठी त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला, रोमची नाराजी सोसली, आणि अखेरीस हुकूमशाहीने १९४१ साली मासिक बंद पाडले तेव्हा वयाच्या पंचाहत्तरीकडे झुकलेला हा संपादक रिकाम्या हातांनी घरी बसला. वरवर पाहता ही पराभवाचीच कहाणी. परंतु त्या मासिकाने काय साधले याचे खरे उत्तर छापखाना थांबल्यानंतरच मिळाले, म्हणून ती सांगण्याजोगी आहे.

कुंपणाआडचा समाज

कार्ल मूट यांचा जन्म ३१ जानेवारी १८६७ रोजी ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स या प्राचीन नगरीत झाला. १५२१ साली मार्टिन ल्यूथर याच नगरीत सम्राटासमोर उभे राहिले होते. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट हा जर्मनीचा दुभंग ज्या मातीत सुरू झाला, त्याच मातीत मूट वाढले.

ते चार वर्षांचे असताना जर्मन साम्राज्याची स्थापना झाली. त्याचे नेतृत्व प्रॉटेस्टंट प्रशियाकडे होते आणि कॅथलिक लोक एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश होते. पंतप्रधान बिस्मार्क यांना या लोकांच्या राष्ट्रनिष्ठेविषयी शंका होती. त्यातून जो संघर्ष उद्भवला त्याला 'कुल्टुरकाम्फ', म्हणजे संस्कृतीसाठी चाललेला संग्राम, असे नाव पडले. १८७२ साली येशूसंघाला जर्मनीतून हद्दपार करण्यात आले. अनेक महागुरूंना तुरुंगवास घडला. शेकडो धर्मग्रामांत मिस्सा अर्पण करण्यास धर्मगुरू उरला नाही. मुंबई-पुणे मिशनमध्ये त्या काळी जे जर्मन येशूसंघीय राबत होते, ज्यांच्या शाळा-महाविद्यालयांतून आपल्या अनेक पिढ्या शिकल्या, त्यांच्या संघाला स्वतःच्याच देशात थारा उरला नव्हता, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

छळ झालेला समाज एकवटतो. जर्मन कॅथलिकांनीही आपला राजकीय पक्ष, आपली वृत्तपत्रे, आपल्या पतपेढ्या, आपली वाचनालये उभी केली. या एकजुटीमुळेच ते तग धरू शकले. परंतु तटबंदी शत्रूला बाहेर ठेवते तशी घरच्यांना आत कोंडतेही. संग्राम १८८० च्या दशकाच्या अखेरीस निवळला; कुंपण मात्र तसेच राहिले. विद्यापीठे, रंगभूमी, कादंबरी, तत्त्वज्ञान ही सारी क्षेत्रे 'त्यांची' आणि आपली तेवढी प्रार्थनेची पुस्तके व कुटुंबासाठीची सचित्र मासिके, अशी वाटणी होऊन बसली.

मूट यांना आरंभी मिशनरी व्हायचे होते. जर्मनीतील निर्बंधांमुळे सरहद्दीपलीकडे, हॉलंडमधील स्टाइल गावी, धन्य अर्नोल्ड यान्सेन (आता संत) यांनी मिशनगृह काढले होते. तेथे मूट यांनी काही काळ शिक्षण घेतले. त्यानंतर ते 'व्हाइट फादर्स' या संघाकडे आफ्रिकेतील अल्जिअर्स येथे गेले. तो मार्ग आपला नव्हे हे लवकरच उमगून ते परतले आणि पत्रकारितेकडे वळले. मिशनरी होण्याची ओढ मात्र विझली नाही. तिने वेगळे क्षेत्र शोधले एवढेच.

'वेरेमुंडुस'चा प्रश्न

१८९५ पासून मूट हे स्वित्झर्लंडमधील आइन्सिडेल्न येथून निघणाऱ्या एका कॅथलिक कौटुंबिक मासिकाचे संपादक होते. त्यांच्या मेजावर रोज कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखिते येत. त्यांतील पुण्यवान नायिका, शेवटच्या प्रकरणात हमखास पश्चात्ताप पावणारा नास्तिक आणि पानोपानी पेरलेला उपदेश वाचून वाचून त्यांच्या मनात एक प्रश्न बळावत गेला. १८९८ साली 'वेरेमुंडुस' या टोपणनावाने त्यांनी एक पुस्तिका लिहून तो जाहीरपणे विचारला : कॅथलिकांचे ललित साहित्य आजच्या काळाच्या उंचीवर उभे आहे काय?

त्यांचे उत्तर नकारार्थी होते. लेखक आपल्या धर्माचा आहे, हेतू शुद्ध आहे, मजकूर मुलींच्या हाती देण्यास निर्धोक आहे, एवढ्यावर आपले समीक्षक पुस्तकाची पाठ थोपटतात; पुस्तक चांगले आहे काय हे कोणी विचारतच नाही, असे त्यांचे निदान होते. धार्मिक हेतूने कच्च्या कलाकृतीला पक्वता येत नाही. उलट, ज्या श्रद्धेने युरोपला गगनचुंबी कथीड्रले दिली आणि दान्तेसारखा महाकवी दिला, तिच्या नावावर सुमार लेखन खपवणे हाच त्या श्रद्धेचा अवमान होय, अशी त्यांची धारणा होती.

पुस्तिकेने खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी मूट यांनी स्वतःच्या नावाने दुसरी पुस्तिका काढून आपली भूमिका अधिक विस्ताराने मांडली. घरातील उणीव चारचौघांत उघडी केली, शत्रूच्या हाती कोलीत दिले, असे आरोप त्यांच्यावर झाले. लहान समाजात टीकाकाराच्या वाट्याला हे येतेच. मूट यांचे मोठेपण असे की ते टीका करून थांबले नाहीत. जे नाही असे म्हटले ते घडवून दाखवण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतली.

उच्चभूमीवरील वाटचाल

केम्टेन येथील कोझेल या जुन्या प्रकाशनगृहाच्या साहाय्याने 'होखलांट' निघाले आणि म्युनिक ही त्याची कर्मभूमी झाली. ज्ञान, साहित्य आणि कला यांच्या सर्व शाखांना वाहिलेले मासिक, अशी त्याची घोषणा होती. 'कॅथलिक' हा शब्द तिच्यात मूट यांनी हेतुपुरस्सर घातला नव्हता. श्रद्धा ही पाटीवर लिहिण्यापेक्षा मजकुरात मुरलेली असावी, असे त्यांना वाटे. त्यांनी प्रॉटेस्टंट लेखकांनाही पाने खुली केली. त्या काळी हे पाऊल धाडसाचे होते.

आरंभीच्या वर्षांतच मूट यांनी ऑस्ट्रियन लेखिका एनरिका फॉन हांडेल-माझेत्ती यांची 'येस्से आणि मारिया' ही कादंबरी क्रमशः छापली. सतराव्या शतकातील धर्मकलहाची ही कथा आहे. तिच्यातील प्रॉटेस्टंट सरदार हा दुष्ट खलपुरुष म्हणून रंगवलेला नाही. आणि त्याचा नाश घडवून आणणारी श्रद्धाळू कॅथलिक स्त्री अखेरीस स्वतःच्या सदसद्विवेकापुढे आरोपी म्हणून उभी राहते. प्रतिपक्षालाही अंतःकरण असते हे कॅथलिक लेखणीने मान्य करावे, हेच अनेकांना रुचले नाही.

त्याहून मोठे वादळ इटालियन कादंबरीकार अंतोनियो फोगात्सारो यांच्या 'संत' या कादंबरीने उठवले. ख्रिस्तसभेच्या नूतनीकरणाची तळमळ बाळगणारा एक साधुपुरुष तिचा नायक आहे. 'होखलांट'मधून तिचा जर्मन अनुवाद क्रमशः येत असतानाच, १९०६ साली रोमने ही कादंबरी निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातली. पुढच्या वर्षी पोप दहावे पायस यांनी आधुनिकतावादाचा निषेध करणारे विश्वपत्र काढले आणि संशयाचे वातावरण दाटले. १९११ साली खुद्द 'होखलांट'चेच नाव निषिद्ध सूचीत घालण्याचा निर्णय रोममध्ये झाला. मात्र तो आदेश कधीही जाहीर करण्यात आला नाही, आणि मासिक वाचले.

विरोधकांत सर्वांत समर्थ होते व्हिएन्नाचे कवी रिखार्ड फॉन क्रालिक. त्यांच्या प्रेरणेने १९०६ साली 'ग्राल' हे प्रतिस्पर्धी मासिक निघाले. क्रालिक यांचे म्हणणे असे : आपला वारसा समृद्ध आहे, मग इतरांच्या अंगणात डोकावण्याची गरजच काय? कॅथलिक साहित्य कॅथलिक परंपरेतूनच उगवले पाहिजे. जर्मन वाङ्मयेतिहासात 'कॅथलिकांचा साहित्यवाद' म्हणून नोंदलेला हा झगडा अनेक वर्षे चालला. क्रालिक यांची भीती निराधार नव्हती. कुंपण काढले की पीक जनावरांच्या तोंडी पडते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. मूट यांचे उत्तर त्यांच्या १९०९ च्या पुस्तकात सापडते. धर्मानुभव खरा असेल तर त्यातून काव्याचा पुनर्जन्म होतोच, त्याला राखणदाराची गरज पडत नाही, असा त्याचा आशय होता.

काळाने मूट यांच्या बाजूने कौल दिला. पहिल्या महायुद्धानंतर 'होखलांट'ची पाने म्हणजे जर्मन बौद्धिक जीवनातील एक मानाचे स्थान ठरले. तत्त्वज्ञ माक्स शेलर आणि पेटर वुस्ट, चिंतक थिओडोर हेकर, कवयित्री गर्ट्रूड फॉन ल फोर यांसारख्यांचे लेखन तेथे येऊ लागले. यांतील हेकर आणि ल फोर हे तर प्रौढ वयात कॅथलिक श्रद्धेकडे आलेले. म्हणजे दार उघडल्यावर घरची माणसे बाहेर पळतील अशी धास्ती होती; प्रत्यक्षात बाहेरची माणसे आत आली. १९२७ साली मूट यांच्या साठीनिमित्त त्यांना जो गौरवग्रंथ अर्पण झाला, त्याचे शीर्षकच 'जर्मनीत ख्रिस्तसभा व संस्कृती यांची पुनर्भेट' अशा अर्थाचे होते.

अंधारातील बारा वर्षे

मूट यांनी १९३१ सालीच आपल्या मासिकातून नाझी चळवळीविरुद्ध इशारा दिला होता. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नव्या कायद्याने प्रत्येक संपादक सरकारच्या मुठीत गेला. उघड विरोध छापणे म्हणजे त्याच दिवशी मासिकाला टाळे. मग करायचे काय? मासिक बंद करून हात स्वच्छ ठेवायचे, की ते चालू ठेवून दोन ओळींच्या मधल्या जागेत बोलायचे?

मूट यांनी दुसरा मार्ग निवडला. इतिहास, तत्त्वज्ञान आणि साहित्य यांवरील लेखांतून न्याय म्हणजे काय, सत्तेची मर्यादा कोठे संपते, माणसाचे मोल कशात आहे, या गोष्टी संयत भाषेत मांडल्या जाऊ लागल्या. ज्याला कान होते त्याला त्या ऐकू येत. बंद पडेपर्यंतच्या त्या काळात 'होखलांट'ने हिटलरचे नावही छापले नाही, असे आवर्जून सांगितले जाते. साऱ्या देशात ज्या नावाचा रात्रंदिवस घोष चालला होता, ते नाव एका मासिकाच्या पानांवर नसावे, हे मौन वाचकांना कळत होते. सरकारी धाकामुळे वर्गणीदार गळतील असे वाटले होते. ते वाढत गेले. अखेर १९४१ साली राजवटीने मासिक बंद केले. अडतीस वर्षांचे काम थांबले.

झोल्नमधील ग्रंथसंग्रह

त्या सुमारास उल्म गावच्या ओटल आयखर या तरुणाची मूट यांच्याशी ओळख झाली. हिटलरच्या युवक संघटनेत जाण्यास नकार दिल्यामुळे या कॅथलिक मुलाला शालान्त परीक्षेला बसू दिले गेले नव्हते. त्याच्यामार्फत १९४१ च्या शरद ऋतूत त्याचा मित्र, म्युनिकला वैद्यकीय शिक्षण घेणारा हान्स शोल, हा मूट यांच्याकडे आला. शहराच्या झोल्न या उपनगरात मूट राहत. त्यांचा ग्रंथसंग्रह प्रचंड होता, आणि तो लावून देण्याचे काम हान्सने अंगावर घेतले. रोज पुस्तके हाताळायची, मधून मधून एखादे उघडून बसायचे, आणि वृद्ध यजमानांशी बोलायचे, असा क्रम पडला. तेवीस वर्षांचा विद्यार्थी आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा संपादक यांच्यात स्नेह जडला. १९४२ च्या मे महिन्यात हान्सची धाकटी बहीण सोफी शिक्षणासाठी म्युनिकला आली. तीही त्या घरची झाली.

शोल भावंडे प्रॉटेस्टंट होती आणि अखेरपर्यंत तशीच राहिली. कोवळ्या वयात दोघांनीही हिटलरच्या युवक संघटनेत हिरिरीने भाग घेतला होता. भ्रमनिरास नंतर झाला. आता त्यांना नुसता संताप पुरेसा वाटत नव्हता. आपण कशाच्या बळावर उभे राहायचे, हा त्यांचा प्रश्न होता. मूट यांच्या संगतीत संत ऑगस्टीन, पास्कल आणि ख्रिस्ती परंपरेतील इतर विचारवंत त्यांना नव्याने भेटले. १९४१ च्या नाताळात हान्सने मूट यांना लिहिलेल्या पत्रात आपल्याला हरवलेली श्रद्धा पुन्हा गवसल्याचे कृतज्ञतेने कळवले आहे. मूट यांनीच त्यांची गाठ थिओडोर हेकर यांच्याशी घालून दिली. हेकर यांच्या लेखनावर १९३८ पासून बंदी होती. ते या तरुणांच्या छोट्या बैठकींत आपले लेखन वाचून दाखवत.

१९४२ च्या जून-जुलैमध्ये म्युनिकमध्ये 'श्वेत गुलाब' या नावाची चार पत्रके गुप्तपणे टपालाने फिरू लागली. ती हान्स आणि त्याचा मित्र आलेक्सांडर श्मोरेल यांनी लिहिली होती. पोलंडमध्ये तीन लाख ज्यूंची हत्या झाल्याचे त्यांत उघड सांगितले होते. राज्य हे ईश्वरी व्यवस्थेची प्रतिमा असावे, हा ऑगस्टीनकडून आलेला विचारही त्यांत होता. आणखी दोन पत्रके नंतर निघाली. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठात पत्रके टाकताना हान्स व सोफी पकडले गेले. चारच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, त्या दोघांचा आणि त्यांचा सहकारी क्रिस्टोफ प्रोब्स्ट याचा शिरच्छेद करण्यात आला. तीन मुलांचा पिता असलेल्या प्रोब्स्टने मरणापूर्वी काही घटका आधी तुरुंगातच कॅथलिक स्नानसंस्कार स्वीकारला. त्याच वर्षी श्मोरेल, प्राध्यापक कुर्ट हुबर आणि निष्ठावंत कॅथलिक तरुण विली ग्राफ यांनाही देहदंड झाला.

हेकर यांच्या घराची झडती झाली. संशयाची छाया मूट यांच्यावरही पडली. ज्या मुलाने आपली पुस्तके लावून दिली तो गेला, हे दुःख उराशी घेऊन मूट यांनी उरलेले दिवस काढले. १५ नोव्हेंबर १९४४ रोजी बाड रायखेनहाल येथे त्यांचे निधन झाले. युद्धाचा शेवट त्यांना दिसला नाही.

त्याच पानांची दुसरी बाजू

येथेच थांबलो तर ही संतचरित्रासारखी गोड कथा होईल. इतिहास मात्र आणखी काही सांगतो.

'होखलांट'मध्ये १९२० च्या दशकात गाजलेले लेख लिहिणाऱ्यांत कार्ल श्मिट हे प्रकांड कायदेपंडित होते. १९३३ साली ते नाझी पक्षात गेले आणि आपली विद्वत्ता त्यांनी राजवटीच्या सेवेला लावली. त्याहून अस्वस्थ करणारे उदाहरण फ्रान्त्स योझेफ शोनिंग यांचे. ते १९३५ पासून मूट यांचे जवळचे सहकारी होते. मासिक बंद पडल्यावर ते जर्मनव्याप्त गॅलिशियात, आज युक्रेनमध्ये असलेल्या तेर्नोपिल भागात, उपजिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाच्या पदावर गेले. ज्यूंना वस्त्यांत कोंडणे आणि मृत्युछावण्यांकडे धाडणे या कामांत त्या प्रशासनाचा हात होता. युद्धानंतर शोनिंग यांनी त्याविषयी मौन पाळले. ते म्युनिकच्या एका मोठ्या दैनिकाचे संस्थापक-प्रकाशक झाले, आणि १९४६ साली पुन्हा सुरू झालेल्या 'होखलांट'चे संपादकपदही १९६० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. त्यांच्या युद्धकाळातील कारकिर्दीचा तपशील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रातून सर्वांसमोर आला.

म्हणजे ग्रंथसंग्रह एकच, परंपरा एकच, अंकही तेच. त्यांतून एक जण वधस्तंभाकडे चालत गेला आणि दुसरा शासनाच्या खुर्चीकडे. शोनिंग यांनी 'होखलांट' हान्स शोलपेक्षा कितीतरी अधिक वाचले होते. किंबहुना ते घडवले होते. सुसंस्कृतपणा माणसाला आपोआप धैर्य देत नाही, हे कबूल करावे लागते. पेरणाऱ्याचा दाखला आपण दरवर्षी मिस्सेत ऐकतो. बी तेच असते. वाट, खडक, काटे आणि सुपीक जमीन वेगवेगळी असते.

मग संपादकाच्या श्रमाला अर्थ काय? अर्थ असा की पेरणाऱ्याने पेरलेच नाही, तर सुपीक जमीनही पडीक राहते. १९४१ साली एक बेचैन तरुण 'कशाच्या बळावर उभा राहू?' असे विचारत दारात आला, तेव्हा त्याला देण्याजोगे काही त्या घरात होते. ते एका दिवसात जमलेले नव्हते. सुमार लेखन नाकारण्याचा कठोरपणा, प्रतिपक्षालाही माणूस म्हणून पाहण्याची सवय, वरिष्ठांचा रोष सोसूनही ख्रिस्तसभेशी टिकवलेली निष्ठा, आणि चाळीस वर्षे महिन्यामागून महिना केलेले मुद्रितशोधन यांतून ते साठले होते. वेरेमुंडुसने मागितलेली उंची ती हीच.

'होखलांट' १९७१ साली बंद झाले. त्याचा नवा अवतारही १९७४ पर्यंतच टिकला. निषिद्ध ग्रंथांची सूची १९६६ साली इतिहासजमा झाली. श्रद्धेने संस्कृतीला घाबरू नये हा मूट यांचा आग्रह दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या संविधानात अधिकृतपणे उच्चारला. तेव्हा मूट यांना जाऊन एकवीस वर्षे झाली होती.

आपल्या घरी येणारा कोणताही लहानसा अंक आपण चाळतो, बाजूला ठेवतो, कधी रद्दीत घालतो. त्यातला एखादा लेख घरातल्या कोणा मुलाच्या वा मुलीच्या मनात कोठे जाऊन पडेल, आणि कोणत्या कठीण दिवशी उगवून वर येईल, हे लिहिणाऱ्याला कळत नाही, छापणाऱ्यालाही नाही. म्हणूनच जे द्यायचे ते सकस द्यावे आणि जे वाचायचे ते चोखंदळपणे मागावे, एवढे तरी दोघांच्या हाती आहे.